पाहुणा क्रमांक दोन

"आप्पा, तुम्हाला मी जास्त आवडते की तुमची ही फरशी?"

हा प्रश्न मी आपणहून विचारला नव्हता. म्हणजे पोटात होताच, पण तो तोंडातून काढायला लावला सानिका आणि तस्नीमने. शाळा सुटल्यावर भेळ खाता खाता माझं तेच रडगाणं चाललं होतं, फरशीने असं केलं नि फरशीने तसं केलं. शेवटी तस्नीम वैतागली. "नंदे, रोज आमचं डोकं खातीस. हिंमत असेल तर आप्पांनाच विचार की. आत्ता. आमच्यासमोर."

हिंमत नाही असं मला कुणी म्हणायचं नाही. यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेपासून तर अजिबातच नाही. तालुक्यात पहिली आलेय मी. दोघींना घेऊन तशीच आप्पांच्या दारात जाऊन उभी राहिले.

आप्पा कॉटवर बसून लसूण सोलत होते. त्यांनी माझ्या ओठांकडे नीट बघितलं, अख्खा प्रश्न वाचला, एक पाकळी सोलून वाटीत टाकली आणि म्हणाले, "फरशी."

"का?"

"ती दमानं बोलती."

दारात दोघी अशा हसल्या की सानिकाला ठसका लागला. मीही हसले. हसावं लागतं अशा वेळी. आतून मात्र माझी नुसती आग आग झाली होती.

ती आग का झाली ते कळायला आधी आप्पांचे कान कळायला हवेत. आप्पा म्हणजे माझ्या आईचे वडील, आमच्या घराजवळच स्वतःच्या घरात एकटे राहतात. उभं आयुष्य इचलकरंजीत त्यांनी यंत्रमाग चालवले. आता नवे माग हवेच्या झोतावर चालतात, कारखान्यातली पोरं कानाला टोप्या लावून काम करतात. पूर्वीचे माग खडखडायचे. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, दिवसभर आणि रातपाळी असली तर रातभर. ते खडखडणारे माग गावात फारसे उरले नाहीत, त्यांनी बहिरे केलेले कान मात्र गल्लोगल्ली उरलेत. आप्पांना कानातलं मशीन दिलं होतं. ते डब्यात पडून असतं. घातलं की सगळं गाव भांडी आपटतंय असं वाटतं म्हणे.

अशा कारखान्यात माणसं बोलायची कशी? तर समोरच्याच्या तोंडाकडे बघून. काम तर थांबवता येत नाही, सूत तुटलं की धावायचं असतं. म्हणून दोन मागांमधल्या चिंचोळ्या वाटेने मागे मागे सरकत जायचं, पण नजर बोलणाऱ्याच्या ओठांवरच. आप्पांच्या पिढीचे सगळे असे उलटे चालण्यात पटाईत. घरातही आप्पा माझ्याशी बोलताना तसेच चालायचे. मी दारात आले की कॉटवरून उठायचे, माझ्याकडे तोंड करून उलटे उलटे शेगडीपर्यंत जायचे. मधे स्वयंपाकघराचा उंबरा. त्याला टाच लागली की न बघता पाय उचलायचे. एका हाताने चहाचं पातेलं काढायचे आणि डोळे माझ्या तोंडावर. "हां, मग? मास्तर काय म्हणाले?"

आणि ते फक्त माझ्याशी. आई भरभर बोलते, तिचे ओठ त्यांना सापडत नाहीत. पप्पा मिशीतल्या मिशीत बोलतात. पुण्याचा दिगंबरमामा फोनकडे बघून बोलतो. मी लहानपणापासून आप्पांच्या समोर, त्या उंबऱ्यावर बसून बोलत आलेय. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, पण मला परवानगी होती. डॉक्टर काय म्हणाले, गॅसवाला काय म्हणाला, बातम्यांत काय सांगितलं, सगळं माझ्या तोंडून त्यांच्यापर्यंत जायचं. आप्पा लोकांना सांगायचे, "माझे कान शाळेत गेलेत. साडेपाचला येतील."

मग थंडीत आप्पा मोरीत घसरले. मनगट मोडलं. मामाने लगेच पुण्याचा हेका धरला. त्याच्याकडे आप्पा एकदा राहून आले होते. सहाव्या मजल्यावर, गॅलरीत खुर्ची टाकून. परत आले तेव्हा चार माणसांत बसल्यावर तोंडाकडे बघायचंच विसरले होते, जमिनीकडे बघायचे. त्यांना पुन्हा माझ्याकडे बघायला लावायला मला किती बडबडावं लागलं ते माझं मला माहीत.

म्हणून आईने सांभाळ योजना शोधून काढली. घर स्वतःचं आहे पण ते सुधारायची ऐपत नाही, अशा म्हाताऱ्या माणसांसाठी एका संस्थेची ही योजना. माणसाला घरातून हलवायचं नाही, घरच माणसाजोगतं करायचं. आप्पांचं घर दोन खोल्यांचं, पण स्वतः राबून बांधलेलं. पंधरवडाभर काम चाललं. मोरीत धरायला दांड्या, बसायचा संडास, दाराशी पायरीच्या जागी उतार. उंबरा काढून टाकला. माझा उंबरा! कामगार तो फोडत होते तेव्हा मी शाळेत होते. आणि सगळ्या घरभर नवी फरशी.

ती बसवायला संस्थेच्या रेश्माताई आल्या होत्या. हातात टॅबलेट, केसांत पेन्सिल खोचलेली. मी विचारलं, "ही साधी फरशी नाही ना?"

"नाही गं. हिच्याखाली एक पातळ थर आहे. त्यावर दाब पडला की इवलीशी वीज तयार होते. तू पाऊल टाकलंस की मला इथे कळतं, टाच कधी टेकली, बोटं कधी, भार कुठल्या पायावर."

"मग?"

"मग काय, आपल्याला वाटतं माणूस अचानक पडतो. तसं नसतं. पडायच्या कितीतरी दिवस आधी त्याची चाल बिघडायला लागते. एक पाऊल जरा लवकर, दुसरं जरा उशिरा. डोळ्यांना दिसत नाही, फरशीला दिसतं. ती आधी महिनाभर माणसाची रोजची चाल शिकते. त्यापेक्षा वेगळं काही झालं की सावध करते आणि घरच्यांच्या फोनवर कळवते."

"पण आप्पांना ऐकू येत नाही."

"म्हणून तर गंमत आहे," रेश्माताई हसल्या. "त्याच थरात उलटी वीज सोडली की तो थरथरतो. इतरांच्या घरी फरशी बोलते. आप्पांच्या घरी ती तळपायाला सांगेल."

आणि ती सांगायला लागली. दाराची बेल वाजली किंवा कुणी आत पाऊल टाकलं की दोनदा टक टक. कुकरची शिट्टी झाली की एक लांब थरथर. फोन आला की टकटकटक. पाय चुकीचा पडायला लागला की जोरात एकदा, थांब म्हणून. आप्पांचा चेहरा पहिल्या दिवशी असा काही फुलला की मी तो तसा कधी बघितलाच नव्हता. माग बरोबर चाललाय की नाही ते ते तळपायालाच ओळखायचे. किती वर्षांनी पायाखालची जमीन पुन्हा त्यांच्याशी बोलत होती. ते टाचेने तिला उत्तर द्यायचे. ती टक करायची, हे टक करायचे. दोघांचं आपलं चाललंय!

मी उभीच. हातात डबा.

"आप्पा, बेल वाजली."

"कळलं गं. हिनं सांगितलं."

"आप्पा, कुकर."

"दोन झाल्या. तिसरीला उतरवतो. तू बस की."

बस कुठे? उंबरा होता कुठे?

मी काय काय नाही केलं! एकदा मुद्दाम पाय आपटून फरशीसारखं टक टक केलं, आप्पांना वाटावं बेल वाजली. आप्पा हलले नाहीत. म्हणाले, "हे तुझं. तिचं हलकं असतंय." एकदा दोरीच्या उड्या मारल्या, फरशी गोंधळते का बघायला. गोंधळली नाही. तिने माझीही चाल शिकून ठेवली होती. तिच्या लेखी आई पाहुणा क्रमांक एक आणि मी पाहुणा क्रमांक दोन. जन्मापासून ज्या घरात रांगले त्या घरात मी पाहुणी, आणि ती कालची आलेली घरची!

तस्नीमने फरशीचं नाव सवत ठेवलं. "काय गं, कशी आहे तुझी सवत?" वर्गात मोठ्याने विचारायची. सानिका म्हणायची, "तिच्यावर पाणी सांडून बघ." सांडलं होतं मी. तिने आप्पांना दारातच थांबवलं, फडकं कुठल्या बाजूला हवं तेसुद्धा थरथरून दाखवलं आणि आप्पा मला म्हणाले, "बघ, किती गुणाची हाय."

आप्पांनी "फरशी" असं उत्तर दिलं त्याच आठवड्यात तो दणका बसला.

आम्ही जेवत होतो. मामाचा व्हिडिओ कॉल आला. फोन पप्पांनी पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला.

"ताई, सांभाळचा अहवाल बघितलास का?" मामा म्हणाला. "महिन्याचा. सकाळी चाल बरी, दुपारी बरी. साडेपाचनंतर रोज बिघडते. रोज, बरं का. तोल जातो, पावलं अडखळतात. आणि खाली काय लिहिलंय वाचू? पाहुणा क्रमांक दोन घरात असताना पडण्याचा धोका सर्वांत जास्त."

आईने माझ्याकडे बघितलं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे.

"मी काय केलं?"

"तू काही केलं नाहीस बाळा," मामा मऊ आवाजात म्हणाला. त्याचा मऊ आवाज मला सगळ्यात जास्त डाचतो. "पण तू तिकडे गेलीस की ते घाई करतात, उठतात, धडपडतात. मनगटावर भागलं म्हणून बरं, उद्या खुबा मोडला तर? ताई, मी काय म्हणतो, सरळ इकडे आणूया."

"लगेच नको," आई म्हणाली. तिचा घास हातातच राहिला होता. "बघू की. थोडे दिवस नंदू जाणार नाही. डबा हे देऊन येतील. फोनवर रोज चालीचा आकडा येतो, तो सुधारला तर आप्पा इथंच राहतील. नाही सुधारला तर..."

"मी जाणार नाही? मी?"

"नंदू, तुझ्यासाठीच ते इथे राहावेत ना?" पप्पा म्हणाले. "मग एवढं कर."

म्हणजे बघा. मी सवतीला घालवायला निघाले होते आणि सवतीने मलाच घराबाहेर काढलं. तेही कागदोपत्री.

मी गेले नाही. जिद्दीने गेले नाही. बोला म्हटलं एकमेकांशी, टक टक करत बसा. पप्पा डबा देऊन यायचे आणि आईचा फोन रोज चांगली बातमी द्यायचा. आकडा सुधारला. आणखी सुधारला. आईचा चेहरा उजळत चालला आणि माझा जळत. मनातल्या मनात मी देवाला सांगत होते, आप्पांना काही होऊ देऊ नकोस, पण आकडा थोडा तरी पाड. माझ्याशिवाय त्यांचं इतकं बरं चालावं?

"मी धोका आहे," मी तस्नीमला सांगितलं. "अधिकृत."

एरवी ती हसली असती. या वेळी नाही हसली. "माझ्या नानींना पण ती फरशी घातलीय," ती म्हणाली. "आम्ही सगळे त्यांच्या अंगावर पडतो, नाचतो, दंगा करतो. आमच्यापैकी कुणालाच ती धोका म्हणाली नाही. तुलाच का म्हणाली? विचार की जाऊन. का घाबरतीस सवतीला?"

घाबरते? मी?

त्याच दुपारी रेश्माताईंना फोन लावला. त्या गल्लीतच एका घरी दांड्या बसवत होत्या. म्हणाल्या, ये आप्पांकडे, मी पण येते, तपासायचंच होतं.

दार उघडंच होतं. आप्पा कॉटवर बसले होते. दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून. समोर पप्पांनी आणलेला डबा, झाकणसुद्धा न काढलेला. शेगडीवरचं चहाचं पातेलं कोरडं ठणठणीत. मी दारात उभी राहिले तरी वर बघेनात. बघणार कसे? मी उतारावरच उभी होते, फरशीवर पाऊल टाकलंच नव्हतं. सवतीने अजून सांगितलं नव्हतं त्यांना.

आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. आकडा का सुधारला? जो माणूस कॉटवरून उतरतच नाही, त्याची चाल बिघडणार कशी?

रेश्माताई माझ्या मागून आल्या. मी त्यांना म्हटलं, "दाखवा मला. मी असते तेव्हा नक्की काय होतं ते दाखवा."

त्यांनी टॅबलेटवर पावलं काढली. "हे बघ, एरवी टाच आधी, मग बोटं. सगळी माणसं अशीच चालतात. तू आलीस की यांची बोटं आधी टेकतात, टाच नंतर. म्हणजे माणूस अडखळतोय, पुढच्या पुढे झोकांडी जातेय. आणि दिवसेंदिवस वाढतंय. मला कळत नाही, तुझ्या येण्याने असं का व्हावं?"

मी त्या पावलांकडे बघत राहिले. कॉटपासून शेगडीपर्यंत. मला हसू यायला लागलं आणि रडूही.

"ताई, ते अडखळत नाहीत. ते उलटे चालतात."

"काय?"

"उलटे! माझं तोंड बघायला. कारखान्यात चालायचे तसे. माझ्याशी बोलताना ते कधी सरळ चाललेच नाहीत."

रेश्माताईंनी केसांतली पेन्सिल काढली आणि परत खोचली. "फरशीला हे कुणी शिकवलंच नाही," त्या हळू म्हणाल्या. "पण नंदिनी, तिचं म्हणणं चुकीचं नाही. या वयात उलटं चालणं खरंच धोक्याचं. आधी उंबरा होता, टाचेला खूण होती. ती आम्ही काढली. आता ते अंदाजाने जातात. कधीतरी पडतील."

म्हणजे सवत खरंच बोलत होती. हे मान्य करायला मला जो त्रास झाला तो शब्दांत सांगता येणार नाही.

मी फरशीवर पाऊल टाकलं. टक टक. आप्पांनी मान वर केली. त्यांचा चेहरा! कॉटवरून उतरले, चपला शोधल्या नाहीत, आणि लगेच वळून पाठ शेगडीकडे केली.

"आलीस व्हय? मला वाटलं रागावलीस. मी फरशी म्हणालो म्हणून."

"रागावलेच होते."

"चेष्टा केली गं. फरशी आवडती. तू लागतीस." आणि त्यांनी पहिलं उलटं पाऊल टाकलं. खालून जोरात थरथर झाली, मलासुद्धा तळव्याला जाणवली. थांब.

"थांबा, आप्पा!"

मी धावत त्यांना वळसा घालून पुढे गेले, शेगडीच्या बाजूला. माझी पाठ शेगडीकडे, तोंड त्यांच्याकडे. "आता या. सरळ. माझ्या तोंडाकडे बघत या. मी मागे जाते, तुम्ही पुढे या."

"असं कुठं असतंय? पाहुण्यानं उलटं चालायचं?"

"मी पाहुणी नाही! आणि आता ऐका. मास्तर काय म्हणाले सांगू का?"

माझ्या ओठांवर त्यांची नजर खिळली. एक पाऊल पुढे आलं. टाच आधी. मग बोटं. मी एक पाऊल मागे. मी बोलत राहिले, वर्गातल्या भांडणाचं, सानिकाच्या ठसक्याचं, काय सुचेल ते. ते चालत राहिले. सरळ, आपल्या घरात, तरण्या माणसासारखे नाही पण धडधाकट म्हाताऱ्यासारखे. रेश्माताई टॅबलेट छातीशी धरून नुसत्या बघत होत्या.

आणि तेवढ्यात माझ्या टाचेखाली टक! मी दचकून थांबले. मागे शेगडीचा ओटा एका वितीवर होता. कमरेत बसणारच होता.

आप्पा खदाखदा हसले. "तुला पण सांगती बघ ती."

मला आभार मानायचे नव्हते. मानले नाहीत. टाचेने एकदा टक केलं, एवढंच. अजूनही जळते मी तिच्यावर. आप्पा झोपलेले असताना, एकटे असताना त्यांची हालहवाल तिला आधी कळते, मला नंतर, हे मला कधीच आवडणार नाही. पण त्या दिवशी चहा झाला. आप्पांनी केला, मी ओट्याला टेकून बडबडले, आणि डब्याचं झाकण निघालं.

घरी पोचले तर आई दारातच उभी, हातात फोन. पप्पा तिच्या मागे. फोनमध्ये मामा.

"तू तिकडे गेली होतीस," आई म्हणाली.

"हो."

"आप्पांचा आकडा चांगला आलाय. तू असताना. पण हे काय?" तिने फोन माझ्यापुढे धरला. "पाहुणा क्रमांक दोन, चाल गंभीररीत्या बिघडलेली. तोल जाण्याची लक्षणं. पडण्याचा धोका सर्वांत जास्त. नंदू, तुला चक्कर येते का? डॉक्टरकडे जायचं का?"

"अशक्तपणा असेल," मामा फोनमधून म्हणाला. "दहावीचा ताण."

मी सगळ्यांना आत बसवलं. पप्पांना खुर्चीत, आईला पलंगावर, मामाला तांब्याला टेकवून. मग त्यांच्यासमोर उभी राहिले, स्पर्धेत उभी राहते तशी, आणि आप्पांना कळेल इतक्या सावकाश, प्रत्येक शब्द ओठांवर नीट आणून म्हणाले,

"मला काहीही झालेलं नाही. उद्यापासून डबा मीच नेणार. आप्पा पुण्याला जाणार नाहीत. ते त्यांच्या घरात सरळ चालणार आणि त्यांच्यापुढे मी उलटी चालणार, रोज. त्या घरात कुणी पडायचंच असेल तर मी पडेन. ठरलंय माझं."